रविवारचे क्रांतिकारक

रशियात क्रांती का झाली, हे मला अकराव्या वर्षी पाठ होतं. इतर घरांत मुलींकडून शुभंकरोती म्हणून घेत असतील, आमच्याकडे सात कारणं म्हणून घेत. जमिनीची भूक, भूदासांच्या सुटकेतली लबाडी, कारखान्यांतले हाल, झारचा आडमुठेपणा, जपानकडून खाल्लेला मार, महायुद्ध, आणि सातवं, जे सांगताना बाबा उजव्या हाताचं बोट वर करायचे, ते म्हणजे शिस्तबद्ध पक्ष. पाहुणे आले की मला खोली तापवणाऱ्या गॅस फायरपुढे उभं करायचे, मी धडाधड सातही म्हणून दाखवायचे आणि नेनेकाका टाळ्या वाजवायचे, “डॉक्टर, पोरगी मोठेपणी पक्षाची कमिसार होणार बघा!” झाले शाळामास्तरीण. ग्लासगोच्या एका शाळेत तीसेक वर्षं हीच कारणं स्कॉटिश पोरांच्या गळी उतरवली. पण दर वर्षी तो धडा आला की मला आमचं लंडनमधल्या एजवेअरचं स्वयंपाकघर आठवायचं, आणि माझं डोकं जे तापायचं ते घरी येईपर्यंत निवायचं नाही. आता रिटायर झालेय, गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा ते एकदाचं लिहून टाकते.

बाबा हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर. घर एजवेअरला, सेमी-डिटॅच्ड, पुढे गुलाबाची चार रोपं आणि मागे कपडे वाळवायचा गोल फिरणारा खांब. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आमच्या फ्रंट रूममध्ये अभ्यासमंडळ भरायचं. सात-आठ पुरुष, सगळे मराठी, बहुतेक डॉक्टर, दोन इंजिनियर, आणि कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात असलेले नेनेकाका. नेनेकाकांना मंडळात फार मान होता, कारण त्यांचा गरिबांशी रोज संबंध यायचा. तो संबंध म्हणजे काउंटरच्या काचेपलीकडून गरिबांना ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगण्याचा. दाराशी बुटांची रांग लागायची. बाबांनी पुण्याहून गुंडाळीचा फळा आणला होता, तो टीव्हीवर पसरायचे आणि गाडीची मोडकी एरिअल घेऊन त्यावर टकटक करत बोलायचे. “बेसिकली, झारनं लँड क्वेश्चन सॉल्व्हच केला नाही ना!” की मग दुसरा म्हणणार, “नाही नाही कॉम्रेड, वॉर नसती तर काहीही झालं नसतं.” एकमेकांना कॉम्रेड म्हणताना त्यांचे चेहरे असे उजळायचे, जसे बायकांचे नवी साडी दाखवताना. यातल्या एकानंही उभ्या जन्मात हातात फलक धरला नव्हता. बाबांच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस एकदा संप करून गेटवर उभ्या राहिल्या तेव्हा बाबांनी आठवडाभर गाडी मागच्या गेटनं आत नेली. का, तर पेशंटचे हाल होतात.

आणि जेवण! हे सगळं चाललेलं असताना आमच्या स्वयंपाकघरात सकाळी आठपासून कुकरच्या शिट्ट्या सुरू असायच्या. मटकीची उसळ, बटाट्याची पिवळी भाजी, कोशिंबीर, वरण-भात आणि बहुतेक वेळा श्रीखंड. दह्याचा चक्का जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून आदल्या दिवसापासून सिंकच्या नळाला टांगलेला असायचा, आणि त्याचं थेंब थेंब पाणी स्टीलच्या पातेल्यात टपटपत राहायचं. पण खरी मेजवानी पोळ्यांची. मंडळाचा दंडक असा, की पोळी तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे. आधी करून डब्यात ठेवलेली पोळी कॉम्रेड मंडळींच्या घशाखाली उतरत नसे. म्हणजे बाहेर आठ जण डायनिंग टेबलावर, आत एक बाई तव्यापुढे, आणि मधे मी, ताटली घेऊन पळणारी. “गरम आहे? आण आण, इकडे वाढ!” एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस पोळ्या सहज लागत. भूदासांबद्दल बोलून बोलून भूक फार लागते म्हणे.

ती तव्यापुढची बाई म्हणजे माझी मालूआत्या. बाबांची चुलतबहीण, कराडची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, दिरांनी घरातून गोड बोलून बाहेर काढलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी पुण्यात प्रॅक्टिस करून पाहिली होती. वर्षभरात तिचे बारा वाजले आणि आम्ही परत इंग्लंडला आलो, ते मालूआत्याला घेऊन. सगळं कराड बाबांचे गुण गात होतं, डॉक्टरनं बहिणीला आधार दिला. इथे कागदावर मात्र ती ‘घरकामाची बाई’ म्हणून आली, कारण चुलतबहीण म्हणून या देशानं तिला दारात उभं केलं नसतं. व्यवस्था मोठी सोयीची होती बघा. सरकारला सांगायचं, ही आमची मोलकरीण, आणि घरात म्हणायचं, ही आमची आत्या. मोलकरीण म्हटली की पगार आला, सुट्टी आली. आत्याला कसली सुट्टी? आई दिवसभर केमिस्टच्या दुकानात कामाला, धाकटा भाऊ शाळेत, मी शाळेत, आणि आत्या स्वयंपाकघरात. मला येतं ते मराठी सगळं तिच्या तोंडचं. या लिखाणात जी काही बरी म्हण सापडेल ती तिच्याकडून ढापलेली आहे.

आपल्या लोकांची एक जुनी खोड आहे. घरातले सगळे पासपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी एका सुटकेसमध्ये, ती सुटकेस वॉर्डरोबवर आणि तिची किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाकडे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. हरवू नये म्हणून, एवढंच. आमच्याकडेही तसंच होतं. आत्याचा पासपोर्ट तिनं विमानतळावर बाबांच्या हातात दिला त्यानंतर तिच्या दृष्टीस पडला नव्हता. तिची पत्रं, फॉर्म, जे काय यायचं ते इंग्रजीत, आणि बाबा म्हणायचे “मालू, इथे सही कर,” की ती पदराला हात पुसून सही करायची.

माझ्या ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या वर्षी वेम्बलीच्या एका बाईनं आत्याला विचारलं. ईलिंग रोडवर त्या हंसाबेनचं फरसाणाचं दुकान होतं, आई महिन्यातून एकदा गाडीनं तिकडे कोथिंबीर-मिरच्या घ्यायला जायची, सोबत आत्या. हंसाबेनला हाताखाली कोणीतरी हवं होतं. पगार देईन, दुकानावर एक खोली आहे ती देईन, म्हणाली. आत्या त्या दिवशी घरी आली ती काही वेगळीच. भाजी निवडता निवडता हसायची. रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं बाबांना विचारलं, मी तिथेच होते. “दादा, ती हंसाबेन म्हणत होती... मी गेले तर चालेल का? रविवारी येत जाईन की मी.” बाबांनी पेपर खाली ठेवला. आवाज अगदी मऊ, पेशंटला वाईट बातमी सांगतात तसा. म्हणाले, “मालू, माझी ना नाही गं. पण कायदा आहे. तू या घराच्या नावावर आलीयस. इथून बाहेर पाऊल टाकलंस तर ते तुला दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील. कराडला जाऊन काय करणार तू?” आत्या म्हणाली, “बरं.” आणि उठून भांडी घासायला गेली. नळाचा आवाज त्या दिवशी बराच वेळ येत राहिला.

त्याच सुमारास हिस्टरीच्या बाईंनी एसे दिला, रशियात क्रांती का झाली. मला वाटलं, देवच पावला, हे तर माझ्या घरचं दुकान! बाबाही खूश. भूदासांच्या सुटकेवर त्यांच्याकडे एक पुस्तिका होती, त्यातला एक किस्सा ते मंडळात नेहमी रंगवून सांगत. झारनं जमीनदारांच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांना मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला, तो गावोगावच्या चर्चमध्ये वाचला, पण भाषा इतकी जड आणि अटी इतक्या की अडाणी शेतकऱ्यांना वाटलं, हा खोटा आहे, आपल्या सुटकेचा खरा कागद जमीनदारांनी लपवून ठेवलाय. काही गावांत यावरून गोळ्या चालल्या, माणसं मेली. बाबा हे सांगून मान हलवायचे, “बिचारे! त्यांना वाटायचं, एखाद्या जमीनदाराच्या कपाटात कागद पडलाय आणि तो मिळाला की झालं. पोलिटिकल कॉन्शसनेसच नाही!” आणि मंडळी हळहळायची, श्रीखंड चाटत.

ती पुस्तिका मला हवी होती. बाबा क्लिनिकला निघाले होते, म्हणाले, “वर सुटकेसमध्ये असेल. किल्ली माझ्या निळ्या कोटात आहे, घे.” मी खुर्चीवर चढून सुटकेस काढली. पुस्तिका मिळाली. तिच्याखाली पासपोर्टची पिशवी, आणि पिशवीत आत्याच्या पासपोर्टाला रबरबँडनं बांधलेलं एक पत्र. पाकिटावर आत्याचं नाव होतं म्हणून मी वाचलं. इमिग्रेशन खात्याचं होतं, तीन वर्षांपूर्वीचं. सरळ लिहिलं होतं, की तुम्हाला या देशात कायमचं राहायला परवानगी देण्यात येत आहे, यापुढे तुम्ही कुठेही, कुणाकडेही नोकरी करू शकता, आमच्या परवानगीची गरज नाही. दर वर्षी फॉर्म भरायची कटकट नको म्हणून बाबांनीच तो अर्ज केला असणार. सहीही आत्याचीच, पदराला हात पुसून केलेली. उत्तर आलं, आणि बाबांनी ते रबरबँड लावून ठेवून दिलं. आजही मला सगळ्यात संताप कशाचा येतो, सांगू? त्यांनी ते नीट लपवलंही नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटत नव्हतं, नाहीतर स्वतःच्या हातानं मला किल्ली कशाला दिली असती?

आता माझं ऐका, कारण बाबांच्या नावानं बोटं मोडणं फार सोपं आहे. मी ते पत्र परत पाकिटात घातलं, रबरबँड लावला, सुटकेस वर ठेवली आणि खाली येऊन एसे लिहायला बसले. भूदासांचा परिच्छेद फार सुंदर जमला. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. आत्याला मी काहीही सांगितलं नाही. मॉक एक्झाम, म्हणजे सराव परीक्षा, तोंडावर होत्या. घरात रामायण झालं तर अभ्यासाचं काय? मॉक्स होऊ देत, मग सांगू, असं मी स्वतःला रोज समजावायचे. आणि रोज संध्याकाळी पुस्तकं बाजूला सारून टेबलाशी बसायचे, आत्या तव्यावरची पोळी आणून वाढायची, वर तूप सोडायची, “खा गं बाय, डोक्याला ताण आहे तुझ्या.” मी खायचे. घशात अडकलीबिडकली नाही एकही पोळी, उगीच खोटं कशाला बोलू? चांगल्या मऊ होत्या.

तीन आठवडे गेले. मॉक्स संपल्या त्यानंतरचा रविवार मंडळाचा होता. सकाळी मी स्वयंपाकघरात काकडी चोचवत होते आणि आत्या मोठ्या परातीत कणीक भिजवत होती. बाहेर बुटांची रांग वाढत होती, कुणीतरी गॅस फायर मोठी करा म्हणत होतं. आत्या खाली मान घालूनच म्हणाली, “हंसाबेननं परत निरोप धाडला होता. उद्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघते म्हणाली. मी नाही म्हणून कळवलं.” एवढंच बोलली आणि कणकेला तेलाचा हात लावला. रडली नाही, सुस्कारासुद्धा टाकला नाही. माझ्याच्यानं राहवेना. माझ्या तोंडून ते सगळं भडाभडा बाहेर पडलं. पत्र आलंय, कायमची परवानगी आहे, तू कुठेही जाऊ शकतेस, वरती सुटकेसमध्ये आहे.

आत्यानं हात थांबवले. म्हणाली, “परत सांग. हळू सांग.” मी परत सांगितलं. “विमानात बसवणार नाहीत?” “नाही आत्या. कोणी बसवू शकत नाही.” “कधीचं आहे?” मी म्हटलं, “तीन वर्षांपूर्वीचं.” तिनं ओठ हलवून काहीतरी मोजलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “तुला कधी सापडलं?”

“काल,” मी म्हटलं.

तिनं परातीवर ओलं फडकं टाकलं. तिन्ही शेगड्या बंद केल्या. हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून सगळी कणीक काढली, साडीवरचा कार्डिगन सारखा केला आणि फ्रंट रूमकडे निघाली. मी मागोमाग.

आत बाबा फळ्यापुढे उभे होते. कारण आणि निमित्त यांतला फरक चालला होता, तो त्यांचा अत्यंत आवडता विषय. राजधानीतल्या बायका पावासाठी तासन्‌तास थंडीत रांगा लावून कंटाळल्या आणि रस्त्यावर उतरल्या, हे निमित्त, ते काही कारण नव्हे, कारणं खोलवर असतात, असं ते एरिअलनं टकटक करून सांगत होते. मी शिकवायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही वाटणी करणारे नेहमी पोटभर जेवलेले असतात. दारात आत्या दिसताच नेनेकाका उठायच्या बेतात पुढे सरकले. “झालं का पान? अहो, वासानंच भूक लागलीय!”

आत्या त्यांच्याकडे बघतच नव्हती. म्हणाली, “दादा, माझा पासपोर्ट द्या. आणि माझं पत्र आलंय ते द्या.”

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी कार्पेटकडे पाहिलं. मग ते हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं. “मालू, आत्ता चर्चा चाललीय गं. पाहुण्यांसमोर काय हे? नंतर बोलू आपण.”

“तीन वर्षं झाली की,” आत्या म्हणाली, आणि चालत जाऊन बाबांच्या खुर्चीत बसली. त्या खोलीत तिला बसलेली मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती. ती कार्पेटवर हूव्हर फिरवायची, चहाचे कप उचलायची, पण बसलेली? छे. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून बसली, डेंटिस्टकडे बसतात तशी, आणि बाबांकडे बघत राहिली.

मग आमचे क्रांतिकारक बोलायला लागले. काय एकेकाची प्रतिभा! एक म्हणाले, डॉक्टरांचा हेतू बघा ताई, हेतू महत्त्वाचा. दुसरे म्हणाले, “टेक्निकली स्पीकिंग, पत्र हेड ऑफ द हाउसहोल्डकडे असणं नॉर्मल आहे.” नेनेकाकांनी तर कमाल केली. म्हणाले, “मालूताई, तुम्ही या घरच्याच ना? घरात कसला आला मालक आणि कसला नोकर?” आठांतल्या एकाच्याही तोंडून “अहो डॉक्टर, देऊन टाका की तिचं तिला” हे वाक्य निघालं नाही. आठपैकी एक! मी वाट बघत होते, देवाशपथ. इतकी वर्षं ज्यांनी दूरच्या देशातल्या भूदासांसाठी गळा काढला, त्यांना हाताच्या अंतरावर बसलेली बाई दिसेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण कोरडा पाषाण निदान गप्प तरी बसतो.

आई दारात येऊन उभी होती. तिला बाबांनी डोळ्यांनी खुणावलं, स्वयंपाकाचं बघ. आई म्हणाली, “मालूताई, कणीक...” आत्या म्हणाली, “भिजवलीय, वहिनी. लाटून घ्या.” आई आत गेली. थोड्या वेळानं जळका वास आला, पाठोपाठ धूर, आणि मग कोणी काही लाटेनासं झालं. दीड वाजला, दोन वाजले. आत्या हलेना. मंडळींच्या पोटात कावळे ओरडायला लागले तसे मुद्दे संपत आले. मग एकेकाला आठवायला लागलं, की रविवारी ट्यूब रेल्वेचं इंजिनियरिंग वर्क असतं, गाड्या कमी असतात, लवकर निघालेलं बरं. दाराशी खाली वाकून आठ जणांनी बूट घातले. नेनेकाका सगळ्यात शेवटी गेले. जाताना हळूच मला विचारलं, “श्रीखंड तयार असेल ना गं? डब्यात दिलंस तर...” मी दार लावून घेतलं, त्यांच्या तोंडावर. जन्मात केलेल्या थोड्या चांगल्या कामांत मी ते धरते.

आता खोलीत आम्ही चौघं. फळ्यावर सात कारणं तशीच लटकलेली. बाबा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरंच कापत होता, “मालू, मी तुझ्या भल्यासाठी सांगितलं नाही. तुला इंग्रजी येत नाही, बसचं तिकीट काढता येत नाही. बाहेर जाऊन तुझी फरफट झाली असती. मला लोकांनी काय म्हटलं असतं?” त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं असावं. आई वर गेली, वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती सुटकेस घेऊन खाली आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, “उघडा आता.” आईला त्या पत्राबद्दल आधीपासून माहीत होतं का? मी तिला कधीच विचारलं नाही. जन्मभर मुलांना शिकवलं, की साक्षीदाराला प्रश्न विचारा, पुरावा तपासा, आणि आई वारली तरी मला हा एक प्रश्न विचारवला नाही. उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय?

बाबांनी निळ्या कोटातून किल्ली आणली. रबरबँड काढताना तुटला. आत्यानं पासपोर्ट उघडून आधी स्वतःचा फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, कारण त्या फोटोत ती आठ वर्षांनी तरुण होती. मग पासपोर्ट आणि पत्र कार्डिगनच्या खिशात घालून ती वर गेली आणि पंधरा मिनिटांत एक बॅग घेऊन खाली आली. आठ वर्षांचं सगळं सामान पंधरा मिनिटांत भरून झालं, यातच काय ते आलं. हंसाबेनला फोन मी लावून दिला. जागा अजून होती.

वेम्बलीची बस मिळेपर्यंत मी तिच्याबरोबर स्टॉपवर उभी होते. वारा बोचरा होता. ती मला म्हणाली, ड्रायव्हरला काय म्हणायचं ते सांग. मी सांगितलं. तिनं ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. बस आली, ती चढली, ते वाक्य अगदी बरोबर म्हणाली आणि ड्रायव्हरनं मान वर न करता तिकीट दिलं. मला रडू फुटलं. बाबा म्हणत होते ती फरफट म्हणजे हीच, दोन सेकंदांची.

मंडळ त्यानंतर चार-सहा महिने तग धरून होतं. बाहेरून आणलेले समोसे आणि ब्रेड असायचा. हळूहळू कॉम्रेड लोकांना कामं निघायला लागली आणि शेवटी बाबा आणि नेनेकाका दोघंच उरले. पोळ्या बंद झाल्या आणि मंडळ मोडलं. याचं कारण कोणतं आणि निमित्त कोणतं, ते मी बाबांना विचारणार होते, पण तोवर ते भेटेल त्याला सांगायला लागले होते, “मालूला आम्ही वेम्बलीत छान सेटल केलं. बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं माझं पहिल्यापासूनचं मत.” हे ते अगदी मनापासून सांगायचे, हो! त्यांना स्वतःला ते खरं वाटायला लागलं होतं. म्हाताऱ्या बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी त्यांची सेवा केली, शेवटच्या आजारात उशाशी बसले, आणि तरीही लिहितेय.

त्याच वर्षी सप्टेंबरात मी ग्लासगोला युनिव्हर्सिटीत निघाले. जायच्या आधी आत्याला भेटायला गेले. दुकानावरची खोली, एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली ईलिंग रोडची वर्दळ आणि खालून बेसन तळल्याचा वास. आत्या दुपारची पाळी संपवून आली होती, पलंगावर पाय पसरून बसली होती. घोट्यांना सूज होती, पण चेहरा मजेत. मी इकडचं तिकडचं बोलले. मग बोलून टाकलं, कारण ते घेऊन मला ग्लासगोला जायचं नव्हतं. “आत्या, मी तुला खोटं सांगितलं. ते पत्र मला आदल्या दिवशी नव्हतं सापडलं. तीन आठवडे आधी सापडलं होतं. माझ्या परीक्षा होत्या म्हणून मी...” पुढचं मला बोलता येईना. मला वाटलं, ती जवळ घेईल, म्हणेल, जाऊ दे गं बाय, पोर होतीस तू. मी त्यासाठीच गेले होते, हे आज कबूल करते.

आत्यानं सुजलेला घोटा चोळला. “मला माहितीय,” ती म्हणाली. “तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात तुझे. दादानं तीन वर्षं ठेवलं, तू तीन आठवडे. तुझं बरंच म्हणायचं.” आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. तिनं उशी पाठीशी घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, “चहा हवा असेल तर तुझा तू करून घे. दूध खिडकीत ठेवलंय.”

मी उठून दोन कप पाणी ठेवलं.